आमणे ते मोहर्ली

युगांडातल्या बविंडीच्या जंगलात डोंगरी गोरिला पाहायचा, तर परदेशी पर्यटकाला जुलै २०२४ पासून परवान्यापोटीच ८०० डॉलर मोजावे लागतात. म्हणजे माणशी सत्तर हजार रुपयांच्या आसपास. विमान, मुक्काम आणि पिवळ्या तापाची लस वेगळी. एवढं करून गोरिलांच्या कळपासोबत मिळतो एक तास. शेजारच्या रवांडाने तर २०१७ मध्ये दर एका फटक्यात दुप्पट करून १,५०० डॉलरवर नेला.

गंमत पुढे आहे. पूर्व आफ्रिकेच्या नागरिकाला युगांडात हाच परवाना तीन लाख शिलिंगला, म्हणजे साधारण सात हजार रुपयांत मिळतो. रीतसर कागदपत्रं घेऊन तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला ७०० डॉलर. जंगल तेच, वाटाड्याही तोच, पण घरच्या माणसाला दर जवळजवळ दहावा हिस्सा. बाहेरच्यांच्या डॉलरवर जंगल सांभाळायचं आणि घरच्यांना दार उघडं ठेवायचं, असा हा सरळ हिशेब आहे. तो फसलेला दिसत नाही. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार जगातले डोंगरी गोरिला हजाराच्या वर गेले आणि त्यांच्यावरचा ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्का एक पायरी खाली आला.

आपल्या भिवंडीतल्या कुटुंबाला मात्र या दरपत्रकात वरचाच आकडा लागू होतो. चौघांचे परवाने काढले तरी पावणेतीन लाख गेले. मुलांना निव्वळ गोरिला दाखवायचा असेल, तर २०२१ मध्ये जर्मनीहून आणलेले थाबो आणि डेंबा म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आहेत. ते सखल प्रदेशातल्या जातीचे. डोंगरी गोरिला कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही.

पण जंगलात जाऊन, दबकत, नशिबावर हवाला ठेवून मोठं जनावर पाहायचं असेल, तर आपण ‘घरचे’ आहोत असं जंगल महाराष्ट्रातच आहे. ताडोबा, वाघांचं जंगल. आणि भिवंडीकरांच्या दृष्टीने ते अलीकडे बरंच जवळ आलंय. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातलं गाव. तिथून नागपूर ७०१ किलोमीटर. नागपुरातून चंद्रपूर, आणि चंद्रपूरहून तीसेक किलोमीटरवर ताडोबाचं मोहर्ली प्रवेशद्वार.

रस्ता चांगला झाला म्हणून प्रवास स्वस्त झाला, असं मात्र नाही. आमणे ते नागपूर या अख्ख्या पट्ट्याचा मोटारीचा एकेरी टोल साडेचौदाशेच्या आसपास पडतो, वर इंधन. गाडी भरलेली असेल तर हे गणित जमतं. दोघांसाठी तेवढ्या लांब गाडी नेणं ही चैन आहे. दोघा-तिघांनी सरळ कल्याण गाठावं. कोनगावमार्गे रिक्षाने किंवा बसने कल्याण स्टेशन, तिथून सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसने नागपूर. शयनयान डब्यात एका रात्रीची झोप होते आणि हॉटेलची एक रात्र वाचते. नागपूर ते चंद्रपूर एसटी आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट, तर पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच पूर्ण मोफत. आजी, आई आणि मुलगी अशा तिघी निघाल्या, तर हा टप्पा जवळजवळ चहापाण्याच्या पैशांत होतो.

खर्चाचं खरं ओझं आहे ते सफारीचं. इथे एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी: गोरिलाचा परवाना माणशी असतो, तर ताडोबात खुल्या जिप्सीचा हिशेब गाडीमागे होतो. प्रवेश, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं शुल्क, सगळं गाडीवर. त्या गाडीत सहा पर्यटक बसतात. दोघं गेले काय नि सहा गेले काय, आकडा तोच. म्हणजे चार रिकाम्या जागांचे पैसे भरणं हीच या सहलीतली सर्वात मोठी उधळपट्टी. दोन बिऱ्हाडांनी मिळून सहाचा मेळ घालावा आणि मगच तारीख ठरवावी. लोक नेमकं उलटं करतात. आधी तारीख, मग हॉटेल, आणि शेवटी जिप्सी मिळत नाही म्हणून एजंटाच्या दारात.

वाराही महत्त्वाचा. शनिवार-रविवारी गाभा क्षेत्राचा दर चढा असतो आणि मंगळवारी ताडोबा बंद. कल्याण-डोंबिवली-भिवंडी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. एरवी नातेवाइकांच्या लग्नांना आडवा येणारा हा शुक्रवार इथे कामी येतो: गुरुवारी दुपारची आणि शुक्रवारी सकाळची सफारी घेतली, तर चढा दरही टळतो आणि एकच रजा खर्ची पडते.

गाभा क्षेत्राचाच हट्टही धरू नये. जुनोना, आगरझरी, देवाडा, अलीझंझा या बफर क्षेत्रातल्या फेऱ्या स्वस्त पडतात, आणि वाघाला गाभा कुठे संपला हे काही ठाऊक नसतं. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा बंद असतो. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, जनावरं उरलेल्या पाण्याशी येतात, तेव्हा दिसण्याची शक्यता जास्त. चंद्रपूरचं ऊनही तेव्हाच अंगावर येतं. लहान मुलं सोबत असतील तर फेब्रुवारी बरा. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावं आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, हे ऐकून पोरं हिरमुसतात.

शिस्तीच्या बाबतीत आपण बविंडीहून काही घ्यायला हवं. तिथे एका कळपापाशी दिवसाला आठच पर्यटक, ठरावीक अंतरावर उभे. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ‘वाघ दाखवाच’ म्हणून चालकाच्या मागे लागणारा पर्यटक त्या कोंडीत तितकाच भागीदार असतो.

ज्यांना चंद्रपूरही परवडणार नाही, त्यांच्या उंबऱ्याशीच तुंगारेश्वर अभयारण्य आहे. एका अंगाला वसई, दुसऱ्या अंगाला भिवंडी. पलीकडे शहापूर-वाड्याकडे तानसा, दुसऱ्या बाजूला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. बिबट्यांना हा सगळा एकच मुलूख वाटतो. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. ‘आजोबा’ असं नाव पडलेला तो बिबट्या कसारा, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईचा औद्योगिक पट्टा आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या जंगलात पोहोचला. २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला.

त्या मुलखात रात्र काढायची संधी बुद्धपौर्णिमेला मिळू शकते. वनविभाग त्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवरून प्राणी मोजायचा उपक्रम घेतो. तानसा आणि तुंगारेश्वरमध्येही तो झालेला आहे. मचाणं मोजकी असतात, म्हणून एप्रिलपासूनच वन्यजीव विभागाच्या कार्यालयात चौकशी करून अर्ज द्यावा. सोबत घ्यायचं ते पाणी, फिक्या रंगाचे कपडे आणि कुरकुर न वाजणारा डबा.