जतन न झालेला ताका

भिवंडीत मागावरच्या कारीगराची मजुरी मीटरवर ठरते. एकाच मागावर दिवसपाळीला एक, रात्रपाळीला दुसरा. विणून निघणारा कापडाचा ताका मात्र दोघांचा. म्हणून कोणत्या पाळीत किती मीटर निघालं, याची नोंद चोख लागते. पद्मानगरातल्या एका विद्यार्थिनीने ही वही मोबाइलवर आणायची म्हणून कॉलेजच्या प्रकल्पासाठी अँड्रॉइड अ‍ॅप लिहिलं. तिचे वडील कारखान्याचा हिशेब बघतात. ते अ‍ॅप वापरूही लागले. मग तिने ‘पाळी’ हा रकाना वाढवला आणि गडबड सुरू झाली. ती मला म्हणाली, ‘सर, जतन झालं म्हणतंय, पण यादीत ताका येतच नाही.’

अ‍ॅप धाडकन बंद पडलं असतं तर शोध सोपा होता. इथे सगळं सुरळीत दिसत होतं. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग चालतच राहतो, दोष कळतो तो कापड तपासताना, तसंच हे. अँड्रॉइडचं ‘इन्सर्ट’ हे फंक्शन नोंद फसली तरी आरडाओरडा करत नाही, निमूटपणे वजा एक हे उत्तर परत देतं. तिच्या कोडमध्ये ते उत्तर कोणी वाचतच नव्हतं. पुढच्या ओळीत ‘जतन झालं’ हा संदेश बिनशर्त लिहिलेला.

मी तिला कोडला हात लावू दिला नाही. आधी लॉगकॅट, म्हणजे फोनमधल्या त्रुटींची नोंद दाखवणारी खिडकी, उघडायला लावलं. फोन केबलने लॅपटॉपला जोडून एक ताका भरला, तर लाल ओळींची रांग लागली. नवशिका तिथे पहिली ओळ वाचतो आणि घाबरून खिडकी बंद करतो. कामाची ओळ तिथेच होती: ‘ताका’ या टेबलात ‘पाळी’ नावाचा रकाना नाही.

‘पण मी तर लिहिलाय!’ तिने टेबल तयार करणारी ओळ दाखवली. रकाना होता, स्वल्पविरामही जागेवर. मग डेटाबेस इन्स्पेक्टर उघडून फोनमधलं खरं टेबल पाहिलं. तिथे जुनेच रकाने.

गोम अशी, की ‘ऑनक्रिएट’ हा भाग डेटाबेसची फाइल नसेल तेव्हाच चालतो. फाइल एकदा तयार झाली की त्यातली ओळ कितीही बदला, फोनला पत्ता लागत नाही. तिच्या नोंदी राहतात तो एसक्यूलाइट हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी 2000 साली आणला. त्यात सगळा संसार एकाच फाइलमध्ये असतो, आणि ती फाइल अ‍ॅप अद्ययावत केलं तरी तशीच राहते. राहायलाच हवी, नाहीतर वडिलांचा हिशेब गेला असता.

मैत्रिणीने सुचवलं होतं, अ‍ॅप काढून पुन्हा टाक. विद्यार्थिनीच्या स्वतःच्या फोनवर त्याने काम झालंही असतं. फाइल पुसली जाते, नवी बनते. वडिलांच्या फोनवर मात्र तोच उपाय म्हणजे वही जाळणं.

योग्य वाट म्हणजे डेटाबेसची आवृत्ती 1 वरून 2 करायची. आकडा वाढलेला दिसला की ‘ऑनअपग्रेड’ चालतं. तिथे नजर गेली आणि पोटात गोळा आला: ‘ड्रॉप टेबल’, मग ‘ऑनक्रिएट’. हा भाग तिने नमुन्यातून उचललेला. अँड्रॉइडच्या अधिकृत नमुन्यातही असंच आहे, पण तिथे शेरा आहे की हा डेटाबेस इंटरनेटवरच्या माहितीची तात्पुरती प्रत आहे, म्हणून टाकून दिला तरी चालतो. शेरा गळाला, ओळ तेवढी राहिली. नुसता आकडा वाढवला असता तर जुने सगळे ताके एका क्षणात गेले असते.

त्या जागी ‘ऑल्टर टेबल’ने एक रकाना जोडला. जुन्या नोंदींत काय भरायचं? तिने ‘दिवस’ टाइप केलं होतं. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘माहीत नाही तिथे कोरं ठेव, त्यावर पगार निघतो.’ रकाना कोराच राहिला. ‘जतन झालं’च्या आधी वजा एकची तपासणी आली.

शेवटची चाचणी तिने स्वतः सुचवली. इम्युलेटरवर जुनं अ‍ॅप टाकलं, थोडे ताके भरले, आणि ते न काढता त्यावरच नवं टाकलं. जुन्या नोंदी यादीत दिसल्या, नवी पाळीसह जतन झाली. मगच नव्या अ‍ॅपची फाइल वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेली.