पहिल्याच लेव्हलला उडता आलं तर? रेस बॅलन्सची गोष्ट

आजचा विषय आहे डन्जन्स अँड ड्रॅगन्समधल्या भारी रेसेस. म्हणजे एल्फ, ड्वॉर्फ, ड्रो, पक्षीमानव वगैरे. यातली एखादी बाकीच्यांपेक्षा फारच ताकदवान असेल तर काय करायचं?

मी दिवसभर कोड लिहितो आणि शनिवारी रात्री मित्रांसाठी डीएम असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर गोष्ट बिघडली, आणि चूक माझीच होती. एकाने आराकोक्रा मागितला, मी न वाचताच "घे की" म्हणालो. आराकोक्रा म्हणजे पक्षीमानव. २०१५ च्या नियमांत त्याला पहिल्या लेव्हलपासूनच ५० फूट उडण्याचा वेग. अट एवढीच, की मध्यम किंवा जड चिलखत घालून उडता येत नाही. दुसऱ्याने साधा ड्वॉर्फ फायटर घेतला.

मग काय, दरी आली की पक्षी पलीकडे जाऊन दोर बांधून मोकळा. लांडगे आले की हा वरून बाण मारतोय, आणि ड्वॉर्फ खाली एकटा चावे खातोय. सहाव्या शनिवारी ड्वॉर्फवाल्याचा मेसेज आला, "आज जमणार नाही रे." पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. शेवटी मी फोन केला. तो चिडलेला नव्हता. एवढंच म्हणाला, "मी येऊन करू काय? सगळं तर तोच करतो."

ते लागलं. मग मी जुने नियम वाचत बसलो. कळलं की हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे, आणि दर वेळी उत्तर बदललंय.

पहिलं उत्तर १९७४ चं. पहिल्या आवृत्तीत ड्वॉर्फ सहाव्या लेव्हलच्या पुढे जाऊ शकत नव्हता आणि हॉबिट चौथ्याच्या. माणसाला मर्यादा नाही. म्हणजे आज मजा करा, हप्ते नंतर भरा. पण खेळ चौथ्या लेव्हलच्या आधीच बंद पडला तर? हप्ता कधी भरावाच लागत नाही! आणि खेळ लांबला, तर तोच खेळाडू नंतर नुसता बघत बसतो.

दुसरं उत्तर तिसऱ्या आवृत्तीचं, लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट. ड्रोला जादूविरोध आणि अंधारात १२० फूट दिसणारी नजर मिळायची, म्हणून त्याच्यावर अधिक दोन. पहिल्या लेव्हलचा ड्रो विझर्ड तिसऱ्या लेव्हलचा धरला जायचा. इथे उलटा घोळ, सगळे पैसे आधीच भरा. सोबतचे तिसऱ्या लेव्हलचे, आणि याचे हिट पॉइंट पहिल्या लेव्हलचे. एक फटका नीट बसला की खलास. शिवाय विझर्ड म्हणून तो कायम दोन लेव्हल मागे.

तिसरं उत्तर २०१४ चं, ठरावीक वेळी लागू होणारी कमजोरी. ड्रोला उन्हात हल्ला करताना डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे डाइस दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा. कागदावर छान वाटतं. पण अख्खा खेळ गुहेत असेल तर किंमत शून्य, आणि वाळवंटात असेल तर रोजची शिक्षा. किंमत ठरवतो कोण? डीएमची गोष्ट!

२०२२ मध्ये आकडेच कमी केले. आराकोक्राचा उडण्याचा वेग चालण्याच्या वेगाइतका झाला. युआन-टीला आधी विष अजिबात बाधायचं नाही, आता निम्मं बाधतं. पण ३० फूट उडणाऱ्यालाही लांडगा चावू शकत नाही. अडचण वेगाची नव्हतीच, अडचण वेळेची होती.

म्हणून मला आवडलेलं उत्तर २०२४ च्या पुस्तकातलं. त्यात रेसऐवजी स्पीशीज हा शब्द आहे. ड्रॅगनबॉर्नला पंख मिळतात, पण पाचव्या लेव्हलला, १० मिनिटांसाठी, आणि पुन्हा हवे असतील तर आधी लाँग रेस्ट. पाचवीच का? कारण विझर्डला उडण्याचा मंत्र पाचव्याच लेव्हलला घेता येतो. तोवर बाकीच्यांकडेही स्वतःचं काहीतरी भारी आलेलं असतं. ताकद आणि तिची किंमत एकाच वेळी हातात पडते.

आमच्या टेबलावर मी तेच केलं. आधी वाटलं होतं, सगळीकडे बुटकी छतं आणि धनुर्धारी शत्रू टाकावेत. पण ते म्हणजे नियमातला बग खेळाडूवर काढणं. त्यापेक्षा सरळ बोललो. पक्षीवाला म्हणाला, "अरे, आधी सांगायचंस ना!" ठरलं असं, की पाचव्या लेव्हलपर्यंत १० मिनिटंच उडायचं, मग लाँग रेस्ट. त्याचे पंख राहिले, आणि दरी पुन्हा दरी झाली.

तुमच्याकडे कुणी भारी रेस मागितली, तर तीन गोष्टी विचारा. ही ताकद इतरांना कुठल्या लेव्हलला मिळते? तिची किंमत आपल्या गोष्टीत खरंच भरावी लागेल का? आणि तिच्यामुळे टेबलावरच्या कुणाचं काम जातंय का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल, तर पहिल्या शनिवारीच बोला. मी सहा घालवले.

ड्वॉर्फवाला परत आला, बरं का. गेल्या वेळी दोर त्याने बांधला, आणि पक्षी त्याला धरून पलीकडे गेला.

भेटूया पुढच्या भागात!