प्रवाळांच्या टाकीत शेवाळ का माजते?

दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याची टाकी पहिले काही आठवडे दृष्ट लागावी अशी दिसते. निळसर प्रकाशात डोलणारी मऊ प्रवाळे, कपारीतून डोकावणारा क्लाउनफिश, खाली पांढरीशुभ्र वाळू. मग एके दिवशी खडकाच्या कडेला हिरवी लव दिसू लागते. आठवडाभरात तिचे केस होतात आणि महिन्याभरात ते प्रवाळांच्या बुडाशी शिरतात. प्रवाळे आक्रसतात, उमलेनाशी होतात. हजारो रुपये खर्चून उभी केलेली टाकी मोडीत काढण्याचा विचार अनेक हौशी मंडळी नेमकी याच टप्प्यावर करतात. काही जण दुकानातून शेवाळनाशकाची बाटली आणतात आणि घोटाळा आणखी वाढवतात.

गोड्या पाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक शेवाळनाशकांत तांबे असते. मासे ते एका मर्यादेपर्यंत सोसतात. गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळे मात्र सोसू शकत नाहीत. शिवाय प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझँथेली ही सूक्ष्म शैवले वस्तीला असतात आणि प्रकाशापासून तयार केलेले अन्न प्रवाळाला पुरवतात. म्हणजे ज्याचा नायनाट करायचा त्याचेच दूरचे नातलग प्रवाळाचे पोषणकर्ते आहेत. समजा, औषधाने केवळ नको असलेले शेवाळच मेले, तरी ते कुजते आणि त्याने शोषलेले नायट्रेट व फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते. पुढच्या पिकाला खत आयते मिळते.

समुद्रातही हेच घडले

शेवाळ प्रत्येक प्रवाळभित्तीवर उगवते. निरोगी भित्तीवर ते दिसत नाही, कारण पाण्यात त्याला पोषण तुटपुंजे असते आणि उगवलेले चरणारे प्राणी फस्त करतात. यातील दुसरी बाजू किती महत्त्वाची आहे, याचा पुरावा जमैकाने दिला. अतिमासेमारीमुळे तेथील शेवाळभक्षक मासे आधीच घटले होते. चराईचा भार डायाडेमा या लांब काळ्या काट्यांच्या सी अर्चिनवर येऊन पडला होता. १९८३-८४ मध्ये रोगाच्या साथीने कॅरिबियन समुद्रातील हे अर्चिन जवळजवळ नष्ट झाले. टेरी ह्यूजेस यांनी १९९४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेल्या आकडेवारीनुसार, १९७० च्या दशकाअखेरीस जमैकाच्या भित्तींवर सुमारे ५२ टक्के असलेले प्रवाळांचे आच्छादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ३ टक्क्यांवर आले. शेवाळाचे ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. वादळाचाही त्यात वाटा होता, पण चरणारेच न उरल्याने भित्ती सावरू शकली नाही. दोनशे लिटरच्या टाकीत हीच पडझड काही आठवड्यांत होते.

खत येते कोठून?

बहुतेक वेळा मालकाच्या हातूनच. माशांना घातलेल्या प्रत्येक चिमटीत नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. माशांच्या अंगी लागतो तो थोडा; बाकीचा विष्ठा आणि कुजणारे कण होऊन टाकीत राहतो. गोठवलेले खाद्य गाळणीत धुऊन, नितळवून घालावे आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे, ही साधी सवय कित्येक महागड्या यंत्रांहून उपयोगी आहे.

दुसरी वाट नळाची. टाकीतून रोज पाणी उडून जाते; उन्हाळ्यात आणि पंख्याखाली अधिक. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. त्या जागी रोज दोन लिटर नळाचे पाणी ओतले आणि त्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट असले, तर महिन्याला ३०० मिलिग्रॅम नायट्रेट भरले जाते. म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीत लिटरमागे दीड मिलिग्रॅमची भर. फॉस्फेट आणि सिलिकेट वेगळेच. म्हणून मीठ मिसळण्यासाठी आणि रोजच्या भरतीसाठी आरओ-डीआय यंत्रणेचे, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच वापरावे लागते. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ तेवढे शुद्ध पाणी देत नाही.

तिसरा साठा खडकात आणि वाळूत लपलेला असतो. चुनखडीचे हे पदार्थ फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण घटले की हळूहळू सोडत राहतात. 'चाचणीत फॉस्फेट शून्य, तरी शेवाळ कसे?' या नेहमीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे असे, की पाण्यात उतरलेले फॉस्फेट मोजण्याआधीच शेवाळाने खाल्लेले असते.

पाणी बदलण्यावरही लोकांचा फार भरवसा असतो. नायट्रेट ४० असताना दहा टक्के पाणी बदलले, तर ते ३६ होते, इतकेच. आठवड्याचा हा नेम आवश्यक आहे, पण आवक तशीच राहिली तर त्याने शेवाळ हटत नाही.

आधी ओळख, मग उपाय

नव्या टाकीत काचेवर आणि वाळूवर बसणारा तपकिरी थर बहुधा डायटमचा असतो. सिलिकेट संपले की तो आपोआप ओसरतो, त्यासाठी धावाधाव नको. वाळूवरून सालीसारखी सोलून निघणारी लालसर बुळबुळीत चादर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हे जिवाणू असल्याने शेवाळ खाणारे प्राणी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तेथे साचलेला गाळ ओढून काढणे आणि पाण्याचा प्रवाह वाढवणे उपयोगी पडते. हिरवे चकचकीत मणी व्हॅलोनियाचे. ते टाकीत फोडू नयेत, अख्खे उपटावेत. पिसासारखे ब्रायोप्सिस सर्वांत चिवट, त्याला फारसे कोणी खात नाही.

नेहमीच्या केसाळ शेवाळासाठी मात्र हात ओले करण्याला पर्याय नाही. सुटा निघणारा खडक बादलीतील खाऱ्या पाण्यात धरून टूथब्रशने घासावा. टाकीतले शेवाळ बोटांनी उपटून त्याच वेळी नळीने बाहेर ओढावे. उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर तिने शोषलेले खतही बाहेर जाते, जे औषधाने कधीच होत नाही. रान विरळ झाल्यावर चरणारे सोडावेत. टर्बो आणि ट्रोकस गोगलगाई कोवळी लव साफ करतात, लांब केसांना सहसा हात लावत नाहीत. टँग मासे उत्तम चरतात, पण त्यांना पोहायला लांबरुंद टाकी लागते; तीन फुटांच्या टाकीत टँग कोंडणे हा माशावर अन्याय आहे.

पुढचे काम प्रोटीन स्किमरचे. तो सेंद्रिय कचरा कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर काढतो. लोहयुक्त माध्यम फॉस्फेट शोषून घेते. आणखी एक युक्ती म्हणजे खालच्या संपमध्ये मुद्दाम कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवायचे आणि दर पंधरवड्याला कापायचे. नको तेथे उगवण्यापेक्षा हवे तेथे उगवू द्यावे, हा त्यामागील विचार. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी याच तत्त्वावर शेवाळाच्या जाळ्यांनी पाणी शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली होती.

येथे उत्साहाला आवर हवा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणली, तर प्रवाळे फिकी पडतात आणि रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट येतात. बुडबुडे धरणारी ही तपकिरी शेंबडासारखी तार केसाळ शेवाळापेक्षा वाईट. तिच्या काही जाती विषारी असून ती खाऊन गोगलगाई मरतात. लिटरमागे नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम एवढे बहुतेक जाणकार राहू देतात. तेथपर्यंतही हळूहळूच जावे लागते. शेवाळ हटण्यास दोन-तीन महिने लागणे स्वाभाविक आहे.

नवा खडक आणताना तो काही आठवडे वेगळा ठेवावा, कारण ब्रायोप्सिस आणि व्हॅलोनिया त्यावर बसूनच येतात. समुद्रातून खडक उचलून आणण्याचा मोह तर टाळावाच. भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि आपल्या किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा काढणेही गुन्हा ठरतो.

कापलेल्या शेवाळाचीही विल्हेवाट लावावी लागते. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कौलेर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातील शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला होता. पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरले. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियात सापडले, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले आणि निर्मूलनाची घोषणा होईपर्यंत २००६ साल उजाडले. टाकीतून काढलेले शेवाळ म्हणूनच खाडीत वा गटारात न टाकता उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात द्यावे.