किमची, मुक्काम पोस्ट हिंगोली

सीन असा. शुक्रवारची रात्र. पुण्याहून हिंगोलीला निघालेली ट्रॅव्हल्स. पायाशी तुमची सॅक आणि सॅकमध्ये दोन टी-शर्टांत गुंडाळलेली किमचीची बरणी. कोरियन सिरियल्स बघून बघून धाकट्या बहिणीला किमची खायचीच आहे आणि पुण्यातला दादा म्हणून ऑर्डर तुमच्याकडे! पहाटे जाग येते ती वासाने. शेजारच्या बर्थवरचे काका विचारतात, "काय सांडलं हो?" सॅकमध्ये लाल रस्सा आणि टी-शर्ट कायमचे कामातून गेलेले.

घरी पोचल्यावर दुसरा राऊंड. आई उरलीसुरली बरणी उचलते, लेबल डोळ्यांपासून लांब धरून वाचते. "ह्यात मासे आहेत का रे?" बाबा माळकरी. संत नामदेवांचं नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे अशी घरं पावलोपावली. बरणी थेट अंगणात जाते. पैसे गेले, शर्ट गेले, वर सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बोलणी. बहिणीचा चेहरा तर बघवत नाही.

बॉस, दोन्ही चुका टाळता येतात. किमचीचा फंडा समजला की झालं.

बरणीतली जिवंत मंडळी

किमची म्हणजे मिठात मुरवलेली, तिखट लावून आंबवलेली भाजी. बहुतेक वेळा चायनीज कॅबेज, कधी मुळा, कधी काकडी. दिसायला लोणच्याची बहीण, पण स्वभाव वेगळा. आपलं कैरीचं लोणचं तेल, मीठ आणि मोहरीच्या जोरावर वर्षभर टिकतं. किमचीत तेलाचा थर नसतो. ती टिकते दह्यासारखी. त्यातले जिवाणू भाजीतल्या साखरेपासून लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करतात, त्याने आंबटपणा येतो आणि सोबत गॅसही सुटतो. थंडीत हे काम रमतगमत चालतं, उकाड्यात सुसाट. म्हणून रात्रभराच्या प्रवासात झाकणाने मान टाकली!

हा प्रॉब्लेम फक्त तुमचा नाही. २००८ मध्ये दक्षिण कोरियाची पहिली अंतराळवीर यी सो-यॉन अवकाशात गेली, तेव्हा तिच्यासोबत किमची गेली ती किरणांचा मारा करून, जिवाणू मारून. आणि कोरियन घरांत खास किमचीसाठी वेगळा फ्रिज असतो. 'डिमचे' नावाचा असा फ्रिज १९९५ मध्ये बाजारात आला आणि तुफान चालला.

लेबल आधी, बिल नंतर

पुण्यात किमची मिळणं आता नवलाचं नाही. रांजणगावात एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट ह्युंदाईने घेतला. कोरियन मंडळी आली, त्यांच्यामागे हॉटेलं आली, जिन्नस आले. उरलेलं काम कोरियन सिरियल्सनी केलं. पण बास्केटमध्ये बरणी टाकण्याआधी चार गोष्टी बघा.

एक, खूण. चौकोनातला हिरवा गोल म्हणजे व्हेज, तपकिरी त्रिकोण म्हणजे नॉनव्हेज. पारंपरिक किमचीत बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. घरी माळ असेल तर 'व्हेगन' किंवा हिरवी खूण असलेलीच घ्या.

दोन, जागा. खरी आंबवलेली किमची फ्रिजच्या रॅकमध्ये असते. बाहेरच्या कपाटातला सीलबंद डबा किंवा पाऊच सहसा गरम करून जिवाणू मारलेला असतो. चव थोडी मार खाते, पण लांबच्या प्रवासाला हाच बरा.

तीन, व्हिनेगर. जिन्नसांच्या यादीत ते वरच्या नंबरावर असेल, तर आंबटपणा बहुधा बाटलीतला आहे, मुरण्याचा नाही.

चार, तारीख. नुसती खायची तर ताजी घ्या. शिजवायची तर जुनी उत्तम.

हिंगोलीत? घरीच घाला!

खरं सांगायचं तर बरणी पुण्याहून वाहून न्यायची गरजच नाही. लागणारं जवळपास सगळं हिंगोलीच्या भाजीबाजारात मिळतं. चायनीज कॅबेज नाही मिळाली तर आपली पत्ताकोबी घ्या. ती जरा कडक असते, पण मस्त मुरते. कोरियन मिरचीपूड, म्हणजे गोचुगारू, नसेल तर ब्याडगी: रंग झक्कास, तिखटपणा बेताचा. आणि एक गंमत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या राशी लागतात, पण ह्या पदार्थात हळद अजिबात घालायची नाही. आईला हे आधीच सांगून ठेवा!

एक किलो कोबीचे मोठे तुकडे आणि पाव किलोला थोडा कमी मुळा घ्या. त्याला ३० ग्रॅम मीठ चोळून दोन तास ठेवा. मीठ अंदाजे टाकू नका, मोजा. ते कमी पडलं तर भाजी बिघडायची भीती, जास्त झालं तर खाववत नाही. सुटलेलं पाणी फेकायचं नाही. कपभर पाण्यात चमचाभर तांदळाचं पीठ शिजवून पातळ खळ करा. गार झाल्यावर त्यात तीन मोठे चमचे ब्याडगी पूड, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून, चमचाभर साखर आणि फिश सॉसच्या जागी एक मोठा चमचा सोया सॉस मिसळा. हे सगळं कोबी, मुळा आणि कांद्याच्या पातीला चोळा. स्वच्छ काचेच्या बरणीत दाबून भरा. भाजी रसाखाली बुडलेली हवी आणि बरणीचा वरचा पाव भाग रिकामा.

बरणी ताटलीत ठेवा, कारण रस उतू जातोच. झाकण रोज एकदा सैल करा. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवस बाहेर, मे महिन्यात जेमतेम एक दिवस. बुडबुडे दिसले, आंबूस वास आला की थेट फ्रिजमध्ये. वर केसाळ बुरशी दिसली तर जीव न दुखवता सगळी बरणी फेकून द्या. थोडक्यात, पहिला प्रयोग थंडीतच करा. तेव्हा बाजारात कोबी-मुळा स्वस्त आणि घरी ओल्या हळदीचं लोणचं घालायचा सीझन. एकाच दुपारी दोन्ही बरण्या भरून होतात.

फार आंबट झाली? आता खरी मजा

दोन-तीन आठवड्यांनी किमची इतकी आंबट होते की नुसती खाववत नाही. नवखे इथेच ती टाकून देतात. कोरियन स्वयंपाकघरात मात्र शिजवायला हीच किमची हवी असते.

किमची फोडणीचा भात: तेलात वाटीभर चिरलेली किमची पाच मिनिटं परता. दोन वाट्या शिळा भात आणि दोन चमचे बरणीतला रस घाला. वरून कांद्याची पात, चालत असेल तर अंडं. मीठ शेवटी, चव बघूनच.

किमची धिरडं: ज्वारीच्या पिठात मूठभर तांदळाचं पीठ, बारीक चिरलेली किमची, तिचा रस आणि लागेल तसं पाणी. तव्यावर दोन्हीकडून खरपूस भाजा.

किमची रस्सा: परतलेल्या किमचीत पाणी आणि रस घालून पंधरा मिनिटं उकळा. टोफू नसेल तर पनीर घाला. भाताशी वाढा, भाकरीही चालते.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. शिजवल्यावर पोटाला चांगले म्हणवणारे जिवाणू मरतात, तेव्हा शिजवलेली किमची खायची ती चवीसाठी. आणि मीठ भरपूर असतं. बाबांना बीपी असेल तर चमचाभरच वाढा.

शेवटचा राऊंड

कोरियात थंडीच्या तोंडावर अख्खं घरदार जमून किमची घालतं आणि शेजारीपाजारी वाटतं. ह्याला 'किमजांग' म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही प्रथा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे पापड-कुरडया घालताना अंगणात जे चालतं, तेच की हे!

म्हणून पुढच्या सुट्टीत बरणी नेऊ नका. ब्याडगी पूड आणि सोया सॉसची बाटली न्या. मीठ बहिणीला मोजू द्या, कोबी आईला चिरू द्या. आत काय आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असलं की लेबल वाचायची वेळच येत नाही. आणि परतीच्या रात्री आईच म्हणेल, "थोडी नेतोस का डब्यात?" तेव्हा मात्र हात जोडा. सॅकमध्ये टी-शर्ट आहेत!