फिशटँकचं पाणी: पाच गैरसमज

नवा टँक आणला, मासे सोडले आणि आठवड्याभरात एकेक मासा उलटा तरंगू लागला, की दोष दुकानदारावर जातो. बहुतेकदा कारण पाण्यात असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

गैरसमज: पाणी नितळ, म्हणजे टँक स्वच्छ.
वस्तुस्थिती: अमोनियाला रंग नसतो. मासे तो कल्ल्यांवाटे सतत सोडतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्यं घातक आहेत: अमोनिया कल्ले जाळतो, तर नायट्राइटमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्या मानानं सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे मोजके ठेवावेत आणि खाद्य बेतानं घालावं.

गैरसमज: महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून टँक लख्ख घासावा.
वस्तुस्थिती: हे उपयोगी जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर चिकटून राहतात. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली स्पंज धुतला, की ते मरतात आणि टँक पुन्हा नव्यासारखा होतो. दर आठवड्याला 20 ते 25 टक्के पाणी बदलावं आणि काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज हलकेच पिळावा.

गैरसमज: पीएच 7 वर आणलाच पाहिजे.
वस्तुस्थिती: बाजारात मिळणारे बरेचसे मासे 6.5 ते 8 पर्यंतच्या पीएचशी जुळवून घेतात. त्यांना बाधतो तो अचानक झालेला बदल. पीएच वाढवणारे थेंब आणखी एका कारणानं जोखमीचे आहेत. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला वाटा 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच 8 झाला की तो सुमारे 5 टक्के होतो. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण विष जवळजवळ दहापट.

गैरसमज: रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी निर्धोक.
वस्तुस्थिती: उघड्या भांड्यातून क्लोरीन उडून जातो, हवेचा पंप लावला तर लवकर. पण पाणी क्लोरामाइननं शुद्ध केलेलं असेल, तर ते रात्रभरात उडत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षारही तसेच राहतात. टँकमधलं पाणी आटतं तेव्हा फक्त पाणी जातं, क्षार मागे उरतात. त्यामुळे नुसती भर घालत राहिलं, तर कठीणपणा चढत जातो.

गैरसमज: आरओचं पाणी सर्वांत उत्तम.
वस्तुस्थिती: त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून पीएच सावरून धरणारं काही उरत नाही आणि तो एकाएकी घसरू शकतो. गप्पी आणि मोलीला तर कठीण पाणीच मानवतं. निऑन टेट्राला मऊ पाणी हवं असलं, तरी त्याच्यासाठीही आरओमध्ये थोडं क्लोरीनमुक्त साधं पाणी मिसळावं.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर औषधाच्या बाटलीआधी टेस्ट किट काढा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं, तर पाव टँक पाणी बदला, हवेचा पंप चालू ठेवा आणि एक दिवस खाद्य बंद करा. काही औषधं उपयोगी जिवाणूंनाच मारतात. निदान चुकलं तर त्यांनी दुखणं वाढतं.