गायिकावृंदांच्या गीतांतील ‘मी’, ‘तू’ आणि ‘आम्ही’

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात तरुण गायिकांच्या वृंदांना जे स्थान आहे त्याची चर्चा बहुधा तबकड्यांच्या खपापासून सुरू होते आणि वेशभूषेच्या वर्णनापाशी संपते. ‘गर्ल ग्रुप’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या वृंदांचा, म्हणजे एक प्रमुख आवाज आणि त्याच्या साथीला दोन-तीन मैत्रिणींचे आवाज अशा रचनेचा, पहिला बहर अमेरिकेत स्थूलमानाने १९५८ ते १९६६ ह्या काळात येऊन गेला. बहर ओसरला, परंतु रचना मात्र टिकली. इंग्लंडातील तरुणांनी ती उचलली, पुढे बंडखोर म्हणविणाऱ्या पंक संगीतकारांनी उचलली, आणि अखेर कोरियात तिचा एक मोठा उद्योगच उभा राहिला. एवढे दीर्घायुष्य केवळ चालींच्या गोडव्याने लाभत नाही. ह्या गीतांत कोण कोणाशी बोलते, कोणत्या पुरुषात बोलते आणि कोणाच्या वतीने बोलते, ह्या भाषिक व्यवस्थेत त्याचे कारण बऱ्याच अंशी शोधता येते. तीच व्यवस्था ह्या गायिकांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाशीही निगडित आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

आरंभीचे एक उदाहरण बोलके आहे. न्यू जर्सी राज्यातील पॅसेइक येथील शर्ली ओवेन्स, डॉरिस कोली, अॅडी हॅरिस आणि बेव्हर्ली ली ह्या चार शाळकरी मुलींनी स्वतःच रचलेले ‘आय मेट हिम ऑन अ संडे’ हे गीत १९५८ साली ध्वनिमुद्रित झाले. ‘शिरेल्स’ म्हणून त्या पुढे प्रसिद्धीस आल्या. रविवारच्या भेटीपासून शनिवारच्या निरोपापर्यंतचा एका आठवड्याचा वृत्तांत एवढाच ह्या गीताचा विषय; परंतु त्यातील ओळी चौघी आळीपाळीने गातात. प्रत्येक ओळीतील ‘मी’ व्याकरणदृष्ट्या एकच, तो उच्चारणारे मुख मात्र दर वारी निराळे! एकीचा अनुभव चौघींनी वाटून घेण्याची ही पद्धत कोणा व्यावसायिक गीतकाराने शोधून काढलेली नव्हती. ती शाळेच्या पटांगणातून आली. कृष्णवर्णीय मुलींचे टाळ्यांचे व दोरीवरच्या उड्यांचे खेळ आणि अमेरिकन लोकप्रिय संगीत ह्यांचे नाते कायरा गाँट ह्या विदुषीने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर उलगडले आहे. त्या विवेचनाच्या प्रकाशात हे गीत पुन्हा ऐकण्याजोगे आहे.

ह्याच शिरेल्सचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गीत १९६० साली निघाले आणि जानेवारी १९६१मध्ये अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता-सूचीत अग्रस्थानी पोचले. कृष्णवर्णीय गायिकावृंदाला तो मान प्रथमच मिळत होता. जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग ह्या तरुण दांपत्याने रचलेल्या ह्या गीताचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे. आजची जवळीक उद्याही टिकेल काय, असे एक मुलगी प्रियकराला सरळ विचारते. ह्या प्रश्नाची सामाजिक धार आज सहज लक्षात येणार नाही. तत्कालीन गीतांतून मुलीला प्रेम करण्याची, झुरण्याची, रडण्याची मुभा होती. देण्यापूर्वी हमी मागण्याची फारशी नव्हती. आणि तो प्रश्न एकटीचा राहत नाही, कारण मागे मैत्रिणींचे आवाज उभे आहेत. पुढे १९७१ साली कॅरोल किंगने ते गीत स्वतः संथ लयीत गायिले, तेव्हा ते एका प्रौढ स्त्रीचे आत्मनिवेदन झाले. तेही सुंदर आहे. पण ते निराळे गीत आहे.

आता सर्वनामांकडे वळू. मराठीत ‘मी तुझी वाट पाहत होते’ असे म्हणताक्षणीच बोलणारी स्त्री आहे हे क्रियापदच सांगून टाकते. पुरुषाने म्हणावयाचे तर ‘होतो’ करावे लागते. इंग्रजीत प्रथम व द्वितीय पुरुषात हा भेदच नाही. लिंग प्रकट होते ते मुख्यत्वे तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामात आणि ‘बॉयफ्रेंड’सारख्या नामांत. परिणामी इंग्रजी प्रेमगीत स्त्रीच्या तोंडून पुरुषाच्या तोंडी जाताना फारच थोडी डागडुजी मागते. बीटल्सच्या १९६३मधील पहिल्या दोन संग्रहांत मिळून इतरांची बारा गीते आहेत. त्यांपैकी पाच गायिकावृंदांकडून घेतलेली आहेत: शिरेल्सची दोन, आणि कुकीज, मार्व्हलेट्स व डोनेज ह्यांचे प्रत्येकी एक. मार्व्हलेट्सच्या गीतात पोस्टमनपाशी प्रियकराच्या पत्राची चौकशी करणारी मुलगी आहे. तेथे ‘बॉयफ्रेंड’च्या जागी ‘गर्लफ्रेंड’ आले की काम भागले. डोनेजच्या ‘डेव्हिल इन हिज हार्ट’चे ‘डेव्हिल इन हर हार्ट’ झाले. शिरेल्सच्या ‘बॉइज’ ह्या गीतात तर ध्रुवपदातील ‘मुलगे’ हा शब्द तसाच ठेवून रिंगो स्टार ते खुशाल गात राहिला, आणि श्रोत्यांनीही त्यात काही वावगे मानले नाही.

ह्या उचलेगिरीत (शब्द कठोर वाटला तरी हेतू दूषणाचा नाही) महत्त्वाचे ते निराळेच आहे. शब्द बदलले, संवादाची घडण बदलली नाही. डोनेजच्या गीतात साथीचे आवाज नायिकेला सावध करतात आणि ती ते मानावयास तयार नसते. बीटल्सनीही हा सवाल-जवाब जसाच्या तसा राखला. म्हणजे मित्रांशी मनातली गोष्ट बोलणारा, त्यांचा सल्ला ऐकून घेणारा आणि आपली आर्तता उघडपणे कबूल करणारा तरुण ही जी नवी प्रतिमा त्या चौघांनी लोकांपुढे आणली, तिची वाक्यरचना मुलींच्या बोलण्यातून आलेली होती.

सर्वच भाषा अशा सोयीच्या नसतात. कोरियन भाषेत ‘ओप्पा’ हे संबोधन स्त्रीने आपल्याहून वडील भावासाठी वा तशाच जवळिकीच्या पुरुषासाठी वापरावयाचे असते. पुरुष वडील भावाला ‘ह्याँग’ म्हणतो. ‘गर्ल्स जनरेशन’ ह्या कोरियन वृंदाचे २०१० मधील ‘ओ!’ हे गीत ह्या एका संबोधनाभोवतीच फिरते. ते जसेच्या तसे तरुणाच्या तोंडी घालणे शक्य नाही. उलट त्याच्या दोन वर्षे आधी ‘वंडर गर्ल्स’ ह्या वृंदाने साठीच्या दशकातील अमेरिकन गायिकांचा पोशाख धारण करून ‘नोबडी’ हे गीत सादर केले. त्याचे ध्रुवपद मूळ कोरियन गीतातही इंग्रजीच होते, आणि तेही ‘मी’ व ‘तू’ एवढ्यांतच फिरणारे. त्या गीताची इंग्रजी आवृत्ती ऑक्टोबर २००९मध्ये अमेरिकन सूचीत ७६ व्या स्थानी आली. तेथवर पोचलेला तो पहिला कोरियन वृंद होय. पोशाख साठीचा होता हे सर्वांनी पाहिले. सर्वनामांची मांडणीही तेथलीच होती, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

साथीच्या आवाजांची भूमिका न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘शांग्रि-लाज’ ह्या वृंदाने अधिक नाट्यमय केली. वाइस भगिनी आणि गँझर ह्या जुळ्या बहिणी अशा त्या चौघी. त्यांच्या ‘लीडर ऑफ द पॅक’ (१९६४) ह्या गीताचा प्रारंभ गाण्याने होतच नाही; मैत्रिणींच्या कुजबुजत्या प्रश्नोत्तरांनी होतो. साधे बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले ह्याची सीमारेषा तेथे मुद्दाम पुसट ठेवली आहे. त्या प्रारंभीच्या प्रश्नाचे भाग्य विलक्षण म्हटले पाहिजे. ‘द डॅम्ड’ ह्या टोळीची ‘न्यू रोझ’ ही तबकडी ऑक्टोबर १९७६मध्ये निघाली; ब्रिटिश पंक संगीताची ती पहिली तबकडी समजली जाते, आणि तिच्या आरंभी तोच प्रश्न पुरुषी आवाजात उच्चारलेला आहे. त्याआधी १९७३ साली ‘न्यूयॉर्क डॉल्स’नेही ह्याच मुलींच्या दुसऱ्या एका गीताचा बोलका प्रारंभ उचलला होता. मृदू, शाळकरी आणि बनावट म्हणून ज्या संगीताची हेटाळणी होत असे, त्याच्याकडे सर्वांत उद्धट मंडळींनी धाव घ्यावी, ह्यात विसंगती नाही. कुजबुजीतील थेटपणा त्यांना अन्यत्र सापडला नसावा. वीस वर्षांनंतर ‘स्पाइस गर्ल्स’च्या ‘वॉनबी’ (१९९६) ह्या गीताने मैत्रिणींची मागची रांग पुढे आणली: ज्याला प्रेम हवे त्याने आधी सख्यांशी जमवून घ्यावे, ही अटच त्यात घातली आहे.

येथपर्यंत ‘मी’ आणि ‘तू’ ह्यांचा विचार झाला. ‘आम्ही’चा प्रश्न अवघड आहे, आणि तेथे व्याकरण सोडून व्यवहारात शिरावे लागते. वृंदाचे नाव अनेकवचनी असते. पण त्या नावाखाली प्रत्यक्षात कोण गाते? १९६२ साली ‘क्रिस्टल्स’च्या नावाने ‘हीज अ रेबेल’ हे गीत अग्रस्थानी गेले. त्यात क्रिस्टल्सपैकी एकीचाही आवाज नाही. निर्माता फिल स्पेक्टर ह्याने दुसऱ्या गायिकेच्या तबकडीआधी आपली बाजारात आणण्याच्या घाईत ते लॉस एंजेलिस येथे डार्लीन लव्ह व तिच्या ‘ब्लॉसम्स’ ह्या सहकारिणींकडून गाऊन घेतले आणि वर नाव मात्र क्रिस्टल्सचे छापले. क्रिस्टल्स हे नाव त्याच्या कंपनीच्या ताब्यात होते. मग ज्या गीतात आपण नाही ते रंगमंचावर गाण्याची पाळी खऱ्या क्रिस्टल्सवर आली. त्याच वर्षी त्यांच्याकडून प्रियकराच्या मारहाणीला प्रेमाची खूण मानणारे एक गीत गाऊन घेण्यात आले होते. गायिकांना ते नकोसे होते, श्रोत्यांनीही निषेध केला, आणि ते मागे घ्यावे लागले. एकीकडे त्यांच्या नावाने परक्या आवाजाचे गीत, दुसरीकडे त्यांच्या आवाजात परक्याचे म्हणणे!

सुप्रीम्सची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. १९६४ ते १९६९ ह्या काळात त्यांची बारा गीते अमेरिकन सूचीत अग्रस्थानी पोचली. मधल्या काळात, १९६७ साली, मूळ सदस्य फ्लॉरेन्स बॅलर्ड हिच्या जागी सिंडी बर्डसाँग आली आणि वृंदाच्या नावाआधी डायना रॉसचे नाव स्वतंत्रपणे छापले जाऊ लागले. त्या मालिकेतील अखेरचे गीत ‘समडे वुइल बी टुगेदर’. इंग्रजीतील ‘वुई’ला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतील भेद ठाऊक नाही. संदर्भ प्रियकराचा असल्याने मराठीत येथे ‘आपण’ म्हणावे लागेल. डायना रॉसने वृंद सोडतेवेळचा निरोप म्हणून लोकांनी मात्र त्यात मैत्रिणींमधला ‘आम्ही’ ऐकला. वस्तुस्थिती अशी की मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग ह्या दोघी त्या ध्वनिमुद्रणात नाहीतच; साथीचे आवाज इतरांचे आहेत. जुन्या वृंदांची नावे लावून भलतेच कलावंत कार्यक्रम करतात ह्याविरुद्ध अमेरिकेतील अनेक राज्यांनी पुढे कायदे केले. त्यासाठी हिरिरीने झटणाऱ्यांत हीच मेरी विल्सन होती.

मालकीच्या प्रश्नाचा कायदेशीर निकाल लागला तो ‘रॉनेट्स’च्या खटल्यात, आणि भाषेच्या अभ्यासकाने तो मुळातून वाचावा अशा योग्यतेचा आहे. व्हेरोनिका व एस्टेल बेनेट ह्या बहिणी आणि त्यांची मावसबहीण नेड्रा टॅली ह्यांनी १९६३ साली स्पेक्टरच्या कंपनीशी करार केला. ‘बी माय बेबी’ त्याच वर्षीचे. तिघींना मिळून सुमारे १५,००० डॉलरची आगाऊ रक्कम मिळाली. त्यानंतर रॉयल्टी म्हणून काही मिळाले नाही. दरम्यान ते गीत मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘मीन स्ट्रीट्स’ (१९७३) आणि ‘डर्टी डान्सिंग’ (१९८७) ह्या चित्रपटांच्या प्रारंभी वाजले. १९८७ साली तिघींनी दावा लावला. ध्वनिमुद्रणांची मालकी आणि तेव्हा ज्ञात असलेल्या वा पुढे ज्ञात होणाऱ्या कोणत्याही पद्धतीने त्यांच्या प्रती काढण्याचा हक्क करारान्वये कंपनीकडे होता. चित्रपटाशी वा जाहिरातीशी ते जोडण्याविषयी करारात अवाक्षर नव्हते. हे मौन कोणाच्या बाजूचे? जे दिले असे लिहिलेले नाही ते आमच्याकडेच राहिले, असे गायिकांचे म्हणणे. खालच्या न्यायालयांनी ते मान्य करून सुमारे ३० लाख डॉलर देववले. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ऑक्टोबर २००२मध्ये नेमका उलटा अर्थ लावला. मालकी बिनशर्त दिलेली असता जे स्पष्टपणे राखून ठेवलेले नाही ते सर्व दिलेच, असे ते वाचन आहे. वादींविषयी सहानुभूती वाटली तरी तिच्या आधारे कराराचा अर्थ बदलता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. तबकड्यांच्या विक्रीवरील रॉयल्टी तेवढी गायिकांना मान्य झाली. चित्रपट व जाहिराती ह्यांच्या उत्पन्नातील वाटा गेला.

करार झाला त्या वर्षी नेड्रा टॅलीचे वय सतरा होते. निकाल लागला तेव्हा ती छप्पन्न वर्षांची झाली होती.