सतराव्या दिवसाआधी

शेळी फळवली की २१ दिवस मोजायचे, ही गोठ्यातली जुनी रीत. पुन्हा माजावर आली तर उलटली, नाही आली तर गाभण. निकाल मात्र त्याआधीच, सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास, गर्भाशयात लागलेला असतो.

माजानंतर बीजांड सुटतं आणि त्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातून पाझरणारं प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला शांत ठेवतं. गर्भ नसेल, तर गर्भाशयाचं अस्तर लाटेलाटेनं प्रोस्टाग्लँडिन सोडतं. बीजकोषाची धमनी गर्भाशयाकडून येणाऱ्या शिरेला बिलगून असते, त्यामुळे ते शिरेतून थेट धमनीत झिरपतं आणि पीतपिंड विरतो. शेळी पुन्हा माजावर येते.

हे थांबवायचं काम गर्भाचं, आणि तो तेव्हा गर्भाशयाला नीट चिकटलेलाही नसतो! गोल पुंजक्याचा लांबट धागा होत असताना त्याचं बाहेरचं आवरण इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतं. एरवी विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं हे प्रथिन रवंथ करणाऱ्या प्राण्यांत गर्भाची वर्दी देतं, हे मला फार विलक्षण वाटतं. प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा उठवतं ते ऑक्सिटोसिन हे संप्रेरक; इंटरफेरॉन टाऊमुळे अस्तरावर त्याचे ग्राहक वाढत नाहीत, म्हणून त्या लाटा उठत नाहीत. गर्भाची वाढ मागे पडली आणि वर्दी उशिरा पोचली, तर जिवंत गर्भही जातो. पाळणाऱ्याला एवढंच दिसतं, की शेळी उलटली.

मेंढीत सुमारे पन्नास दिवसांनंतर वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन तयार करते. शेळीला ती सोय नाही. सुमारे १५० दिवसांचा गाभ सगळा पीतपिंडाच्याच भरवशावर. म्हणूनच कळपातल्या शेळ्या एकदम माजावर आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देताना एखादी आधीच गाभण असेल, तर ती गाभडते. मग ती महिन्याची गाभण असो की चार महिन्यांची.

माज चुकला म्हणजे गाभण, हा हिशेबही कधी फसतो. काही शेळ्यांत गर्भ नसताना पीतपिंड टिकून राहतो, गर्भाशयात पाणी साठतं, पोट दिसू लागतं. पुढे एक दिवस नुसतं पाणी जातं, करडू नाहीच. या खोट्या गाभावर उपाय म्हणजे तेच प्रोस्टाग्लँडिन. त्यामुळे सुई टोचण्याआधी पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी करून घ्यायलाच हवी. फळवल्यानंतर महिनाभरानं त्यात गर्भ दिसू शकतो.